टेबलावरचा सिग्नल जनरेटर हाच ऑसिलेटर: ४० मीटरचा घरगुती रिसीव्हर टप्प्याटप्प्याने

घरी रिसीव्हर बांधायला घेतलेले बरेच लोक ऑसिलेटरपाशी, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी निर्माण करणाऱ्या सर्किटपाशी, अडकतात. मिक्सर, ऑडिओचे टप्पे, बँडपास फिल्टर हे सगळं दोन-तीन बैठकांत उभं राहतं. व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर, मात्र सुरूच होत नाही. सुरू झाला तर सरकत राहतो. सरकायचा थांबला तर भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बसलेला असतो. सगळं जोडून हेडफोन कानाला लावला की शांतता. आता दोष मिक्सरचा, ऑडिओचा, एरियलचा की ऑसिलेटरचा, हे ओळखायला काहीच आधार हातात नसतो. अनेक चांगले रिसीव्हर याच वळणावर कायमचे खोक्यात जातात.

यावरचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे सुरुवातीला ऑसिलेटर बांधायचाच नाही. टेबलावर सिग्नल जनरेटर किंवा फंक्शन जनरेटर असेल, मित्राकडे किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत असेल, तर तोच ऑसिलेटर म्हणून जोडायचा. त्याची फ्रिक्वेन्सी पडद्यावर दिसते, लेव्हल हाताने बदलता येते आणि तो चालू आहे याची खात्री असते. बाकीचा रिसीव्हर नीट बोलू लागला की मग स्वतःचा ऑसिलेटर बांधायचा आणि जनरेटर काढून त्याच्या जागी बसवायचा. तेव्हा काही बिघडलं तर दोष कुठे आहे हे आधीच माहीत असेल.

इथे उदाहरण म्हणून ४० मीटर बँडचा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर घेतो. भारतात हा हौशी बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे, त्यावर बोलणं लोअर साइडबँडवर (एसएसबीचा, म्हणजे सिग्नलची एकच बाजू पाठवण्याच्या पद्धतीचा एक प्रकार) चालतं आणि सकाळी काहीशे किलोमीटर परिसरातली स्टेशनं छान ऐकू येतात. डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये ऑसिलेटर ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवरच चालतो आणि मिक्सर त्या दोघांच्या फरकातून थेट आवाज काढतो. म्हणजे जनरेटरचा पडदा हीच तुमच्या रिसीव्हरची डायल.

कोणतं उपकरण चालेल

हल्ली बहुतेकांकडे असतो तो डीडीएस पद्धतीचा (लहर डिजिटल रीतीने बनवणारा) दोन चॅनेलचा फंक्शन जनरेटर. साइन वेव्ह निदान १० मेगाहर्ट्झपर्यंत देत असेल तर या कामाला तो पुरतो. स्थिरता क्रिस्टलची असल्यामुळे एसएसबी ऐकताना आवाज जागेवर राहतो. दोन चॅनेल असणं ही इथे फार मोठी सोय आहे. त्याचा उपयोग पुढे येईल.

जुन्या पद्धतीचा, कॉइल आणि व्हेरिएबल कंडेन्सरवर चालणारा आरएफ जनरेटर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत अजून दिसतो. तो तासभर तापू द्या, मग वापरा. तरीही सरकेल, पण मिक्सर तपासायला आणि मोर्स ऐकायला चालेल. त्याचं आतलं मॉड्युलेशन बंद आहे ना, हे आधी बघा, नाहीतर प्रत्येक स्टेशनवर एक शिट्टी चढलेली ऐकू येईल.

टायनीएसए या छोट्या स्पेक्ट्रम अॅनालायझरमध्येही जनरेटर आहे. कमी फ्रिक्वेन्सीच्या मोडमध्ये तो साइन वेव्ह देतो, पण लेव्हल जेमतेम उणे ७ डीबीएमच्या (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली ताकद) आसपास. डायोड मिक्सरला अधिक ७ डीबीएम लागतात, म्हणजे मध्ये १४ डीबीचा अॅम्प्लिफायर घालावा लागेल. नॅनोव्हीएनए (फिल्टर आणि एरियल मोजणारं छोटं उपकरण) असेल तर त्याला ऑसिलेटर करण्याऐवजी बँडपास फिल्टर जुळवायला ठेवा, त्या कामात तो अप्रतिम आहे.

आणि एखाद्या प्रयोगशाळेने काढून टाकलेला एचपी ८६४०बी मिळाला तर सोडू नका. त्यातल्या कॅव्हिटी ऑसिलेटरचा फेज नॉइज (सिग्नलभोवतीचा बारीक गोंगाट) इतका कमी आहे की चांगल्या रिसीव्हरची परीक्षा घ्यायला आजही तो वापरतात. लेव्हलही अधिक १९ डीबीएमपर्यंत मिळते. त्यातले प्लास्टिकचे गिअर वयामुळे तडकतात, तेवढं घेताना तपासा.

बांधण्याआधीचा प्रयोग: घरचा ट्रान्झिस्टर

सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी हे करून बघा. ७ मेगाहर्ट्झ पकडणारा शॉर्टवेव्हचा साधा ट्रान्झिस्टर घ्या. सकाळी ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास हळू फिरवलं की बदकाच्या बोलण्यासारखे आवाज येतील. ते हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांचं एसएसबी. त्यात कॅरियर (मूळ वाहक लहर) नसल्यामुळे साध्या रेडिओला ते उलगडत नाही. तो कॅरियर आता जनरेटरने पुरवायचा.

जनरेटर ७.१०० मेगाहर्ट्झ साइन वेव्हवर लावा, लेव्हल ५० ते १०० मिलिव्होल्ट. आउटपुटच्या मधल्या टोकाला हातभर इन्सुलेटेड वायर जोडा आणि ती रेडिओच्या टेलिस्कोपिक एरियलजवळ नुसती ठेवा, चिकटवू नका. मग जनरेटरची फ्रिक्वेन्सी आधी १०० हर्ट्झच्या, शेवटी १० हर्ट्झच्या पायरीने बदला. एका जागी बोलणं अचानक स्वच्छ होईल. आवाज दबला तर वायर थोडी दूर करा. घोगरा राहिला तर जवळ आणा.

बरेच जण हाच प्रयोग ४५५ किलोहर्ट्झवर, म्हणजे रेडिओच्या आयएफवर (आतल्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर) करतात. त्यानेही आवाज उलगडतो, पण रेडिओचा स्वतःचा ऑसिलेटर सरकला की बोलण्याची पट्टीही सरकते. कॅरियर थेट ७ मेगाहर्ट्झवर सोडला तर तो आणि स्टेशनचा सिग्नल दोघेही रेडिओतून एकत्रच सरकतात, त्यांच्यातला फरक तसाच राहतो आणि आवाज स्थिर येतो. स्वस्त रेडिओवर हा फरक लगेच कानाला कळतो. तुमचा जनरेटर ऑसिलेटर म्हणून किती स्थिर आहे याचा पहिला पुरावाही इथेच मिळतो.

जनरेटरवरचा आकडा खरा किती

डायोड रिंग मिक्सरला लागणारे अधिक ७ डीबीएम म्हणजे ५ मिलिवॅट. ५० ओमच्या लोडवर हे ०.५ व्होल्ट आरएमएस, म्हणजे १.४१ व्होल्ट पीक-टू-पीक. आता जनरेटरवर १.४१ लिहिलं की झालं, असं वाटेल. पण काही जनरेटर लोड नसतानाचा व्होल्टेज दाखवतात, काही ५० ओम लोड धरून दाखवतात, काहींत ते मेनूतून निवडता येतं. फरक बरोबर दुपटीचा, म्हणजे ६ डीबीचा आहे.

तपासणी सोपी आहे. १०० ओमचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडून ५० ओमचा लोड करा. ७ मेगाहर्ट्झवर २ व्होल्ट पीक-टू-पीक लावा आणि ऑसिलोस्कोपवर लोडशिवाय व लोडसह बघा. २ वरून १ वर उतरला तर पडद्यावरचा आकडा लोड नसतानाचा आहे. ४ वरून २ वर आला तर तो ५० ओमसाठीचा आहे. स्कोपचा प्रोब १०एक्सवरच ठेवा. १एक्सवर साध्या प्रोबची बँडविड्थ ६ मेगाहर्ट्झच्या आसपास संपते आणि ७ मेगाहर्ट्झचं माप फसवं येतं. स्कोप नसेल तर जर्मेनियम डायोड, १० नॅनोफॅरडचा कंडेन्सर आणि मल्टिमीटर यांचा आरएफ प्रोब करा. तो शिखराचा अंदाज देतो, त्यावर भागतं.

सोबत डीसी ऑफसेट शून्य आहे याची खात्री करा आणि तरीही जनरेटर आणि मिक्सर यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरड सिरीजमध्ये घाला. थोडासा डीसीसुद्धा डायोड रिंगचा तोल बिघडवतो, आणि तोल गेला की ऑसिलेटरचा सिग्नल नको तिथे गळू लागतो.

आता अटेन्युएटर पॅड, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारं रेझिस्टरांचं जाळं. हा भाग लोक टाळतात आणि मग त्रास होतो. मिक्सरच्या एलओ पोर्टचा (जिथे ऑसिलेटर जोडतात त्या टोकाचा) इम्पीडन्स डायोड चालू-बंद होताना सतत बदलतो. मध्ये पॅड असला की मिक्सरला आणि जनरेटरला दोघांनाही ५० ओमच्या जवळचं काहीतरी दिसतं. ५० ओमच्या पाय (π आकाराच्या) पॅडसाठी ३ डीबीला दोन बाजूंना ग्राउंडला ३०० ओम आणि मध्ये सिरीजमध्ये १८ ओम. ६ डीबीला १५० आणि ३९. १० डीबीला १०० आणि ६८. २० डीबीला ६२ आणि २४०. एलओसाठी ६ डीबीचा पॅड घ्या. मग जनरेटरने ५० ओमवर १३ डीबीएम, म्हणजे २.८३ व्होल्ट पीक-टू-पीक द्यायला हवेत. लोड नसतानाचा आकडा दाखवणाऱ्या जनरेटरवर ते ५.६६ लिहावे लागतील. ७ मेगाहर्ट्झवर तुमचा जनरेटर इतकं देत नसेल तर ३ डीबीच्या पॅडवर या. तेव्हा १० डीबीएम, म्हणजे २ व्होल्ट पीक-टू-पीक पुरतील.

डायोड रिंगऐवजी तुम्ही एसए६१२ हा मिक्सरचा आयसी वापरणार असाल तर हिशेब वेगळा. त्याच्या ६ नंबरच्या पिनला फक्त २०० ते ३०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक लागतात. पिनवर आयसीचा स्वतःचा बायस असतो म्हणून १ नॅनोफॅरडमधून जोडा, कंडेन्सरच्या जनरेटरकडच्या बाजूला ५१ ओम ग्राउंडला द्या आणि ७ नंबरची पिन मोकळी ठेवा. जनरेटर थेट २५० मिलिव्होल्टवर ठेवण्यापेक्षा २.५ व्होल्टवर ठेवून २० डीबीचा पॅड घातलेला बरा, कारण स्वस्त जनरेटरचं आउटपुट अगदी खालच्या लेव्हलवर गढूळ होतं. एसए६१२ सोपा आहे, पण रात्री शेजारच्या ४१ मीटरवरची प्रसारण केंद्रं जोरात आली की तो गुदमरतो. मी डायोड रिंगच सुचवेन.

मिक्सर आणि ऑडिओ

चार १एन४१४८ घ्या. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर दहा-पंधरा मोजून, एकमेकांशी दोन-तीन मिलिव्होल्टमध्ये जुळणारे चार निवडा. मोजताना डायोड बोटांत धरून ठेवू नका, बोटांच्या उबेनेसुद्धा आकडा बदलतो. ते एकामागे एक, एकाचा कॅथोड दुसऱ्याच्या अॅनोडला, असे गोल जोडा.

दोन ट्रान्सफॉर्मर हवेत. एफटी३७-४३ टोरॉइडवर तीन तारा एकत्र पिळून १० वेढे द्या. एक तार प्रायमरी. उरलेल्या दोनपैकी एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला की मधला बिंदू मिळतो. टोरॉइड मिळाला नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत टीव्हीच्या बालूनमधले (एरियल जोडायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधले) दोन भोकांचे छोटे फेराइट मागा. त्यावर चार-पाच वेढे पुरतात. रिंगच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना एक ट्रान्सफॉर्मर, उरलेल्या दोन कोपऱ्यांना दुसरा. एलओच्या ट्रान्सफॉर्मरचा मधला बिंदू ग्राउंडला, आरएफच्या ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या बिंदूवरून ऑडिओ बाहेर. हे सगळं कोऱ्या कॉपरक्लॅड बोर्डावर, ग्राउंडची टोकं थेट तांब्याला सोल्डर करून बांधा. एसबीएल-१ किंवा एडीई-१ असा तयार मिक्सर मिळाला तर हा परिच्छेद सोडून द्या.

मिक्सरच्या आउटपुटवर ५१ ओम आणि १० नॅनोफॅरड सिरीजमध्ये ग्राउंडला द्या. मिक्सरमधून निघणाऱ्या १४ मेगाहर्ट्झच्या बेरजेला (दोन्ही फ्रिक्वेन्सींच्या) हा ५० ओमचा लोड दिसतो, ऑडिओला मात्र तो जवळपास दिसतच नाही. पुढे १०० मायक्रोहेन्रीचा चोक, मग ४७ मायक्रोफॅरडमधून बीसी५४७च्या एमिटरला.

हा ट्रान्झिस्टर कॉमन बेस जोडायचा. एमिटरमधून अर्धा मिलिअँपिअर वाहिला की त्याचा इनपुट इम्पीडन्स आपोआप ५० ओमच्या जवळ येतो, आणि मिक्सरला तेच हवं असतं. १२ व्होल्टवर बेसला ५६ किलोओम आणि १० किलोओमचा डिव्हायडर, बेसपासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, एमिटरला २.२ किलोओम, कलेक्टरला १० किलोओम. यातून सुमारे ४० डीबी मिळतात. या टप्प्याचा सप्लाय ४७० ओम आणि ४७० मायक्रोफॅरडने गाळून घ्या, कारण इथे शिरलेली घरघर पुढे हजारपट मोठी होते. त्यानंतर एनई५५३२ या ऑप-अँप आयसीचा एक टप्पा: ३.३ किलोओम आणि १०० किलोओम, म्हणजे ३० पट. १०० किलोओमवर ४७० पिकोफॅरड टाकलं की ३.४ किलोहर्ट्झच्या वरचा फुसफुसाट कमी होतो. मग व्हॉल्यूम, मग हेडफोन चालवणारा एलएम३८६ आयसी. मिक्सरमध्ये जाणारे ६-७ डीबी वजा करून एकूण जवळपास ९० डीबी होतात. हेडफोनला ते पुरतात. कमी वाटलं तर एलएम३८६च्या १ आणि ८ पिनांमध्ये १० मायक्रोफॅरड घाला, आणखी २० डीबी वाढतील.

योग्य लेव्हल कानाने शोधणं

जनरेटर जोडला, एरियल अजून नाही. आरएफ पोर्टला कमी ताकदीचा ठरावीक सिग्नल हवा. दोन चॅनेलचा जनरेटर इथे कामाला येतो. पहिला चॅनेल ७.१०० मेगाहर्ट्झवर एलओ म्हणून. दुसरा ७.१०१ मेगाहर्ट्झवर, ५० ओम लोडवर ०.१ व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे उणे १६ डीबीएम. त्यापुढे २० डीबीचे तीन पॅड, आणि रिसीव्हरला पोहोचतात उणे ७६ डीबीएम. रिसीव्हरवर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवरचा एस९ उणे ७३ डीबीएमचा असतो, म्हणजे बँडवर सहज मिळणाऱ्या ठळक स्टेशनाइतकाच हा सिग्नल. हेडफोनमध्ये १ किलोहर्ट्झचा स्वच्छ सूर ऐकू आला पाहिजे.

पॅड धातूच्या डबीत बांधा. खात्रीसाठी दुसऱ्या चॅनेलची केबल रिसीव्हरपासून काढून बघा. सूर तरीही तितकाच जोरात येत असेल तर सिग्नल पॅडमधून नाही, जनरेटरच्या आतून किंवा हवेतून पोहोचतो आहे आणि मापाला अर्थ नाही. एकच चॅनेल असेल तर ७.१५९ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा छोटा ऑसिलेटर करा. ही फ्रिक्वेन्सी नेमकी आपल्या बँडमध्ये पडते. त्याला पॅड तेच.

आता एलओची लेव्हल अगदी खालून सुरू करून १-१ डीबीने वाढवा आणि प्रत्येक पायरीला ऑडिओ आउटपुटवर एसी मिलिव्होल्ट मोजून लिहून ठेवा. सुरुवातीला आउटपुट झपाट्याने वाढेल, मग वाढ मंदावेल, मग जवळपास थांबेल. वाढ थांबते तिथून २ डीबी पुढे ही तुमच्या मिक्सरची योग्य लेव्हल. अधिक ७ डीबीएम हे पुस्तकातलं उत्तर आहे, तुमच्या डायोडचं आणि तुमच्या वेढ्यांचं उत्तर या कागदावर आहे. हा कागद जपून ठेवा, पुढे स्वतःचा ऑसिलेटर बांधताना त्याला नेमकं किती द्यायचं हे त्यावरूनच ठरणार आहे. जनरेटरने सुरुवात करण्याचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो, कारण पक्क्या बांधलेल्या व्हीएफओची लेव्हल अशी १-१ डीबीने कोणी बदलत बसत नाही.

बँडपास फिल्टर टाळू नका

रिंग मिक्सर स्विचसारखा चालतो, त्यामुळे एलओच्या तिसऱ्या पटीवरचे सिग्नलही तो खाली आणतो, आणि तेही फक्त १० डीबीच्या आसपास कमी जोराने. जनरेटर ७.१५ वर असेल तर तिसरी पट २१.४५ मेगाहर्ट्झ. तिथूनच १३ मीटरचा प्रसारण बँड सुरू होतो. दिवसा फिल्टरशिवाय एरियल जोडलं तर हॅमच्या जागी परदेशी केंद्राचं संगीत का येतं, याचं उत्तर हे आहे.

टी५०-२ टोरॉइडवर २५ वेढे दिले की ३ मायक्रोहेन्री होतात. ७.१ मेगाहर्ट्झला त्याच्यासोबत १६४ पिकोफॅरड हवेत: १२० पिकोफॅरड कायमचे आणि समांतर ५०-६० पिकोफॅरडचा ट्रिमर. अशा दोन जोड्या करा, त्यांना ६.८ पिकोफॅरडने एकमेकांना जोडा आणि प्रत्येक टोरॉइडवर ग्राउंडच्या टोकाकडे ३ वेढ्यांची लिंक द्या. एक एरियलला, एक मिक्सरला. जुळवताना वरचाच चाचणीचा सूर वापरा आणि दोन्ही ट्रिमर आलटून पालटून, आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत फिरवा. मग दोन्ही चॅनेल एकत्र, १ किलोहर्ट्झचं अंतर राखून, ७.० पासून ७.२ पर्यंत न्या. आवाज एका टोकाला पडत असेल तर ट्रिमर किंचित हलवून तोल साधा.

एरियल जोडताना

आधी सुरक्षेचं. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या जनरेटरचं ग्राउंड मेन्सच्या तुलनेत तरंगतं असतं; अॅडॉप्टरमधल्या कंडेन्सरमुळे त्यावर बरेच व्होल्ट चढतात, हाताला झिणझिण्या येतात ते यामुळे. प्रवाह बारीक असला तरी एसए६१२सारखा आयसी खराब व्हायला पुरतो. म्हणून जनरेटर आणि रिसीव्हर यांची ग्राउंड आधी एका जाड वायरने जोडा, मग सिग्नलची केबल लावा. आणि शेजारी ट्रान्समीटर चालू असेल तेव्हा जनरेटरचं आउटपुट कधीही एरियलच्या वाटेत ठेवू नका. एरियलवरून आलेली थोडी आरएफही त्याचा आउटपुट टप्पा जाळते.

यानंतर बहुधा एक घरघर भेटेल: एरियल लावलं की येणारी, फ्रिक्वेन्सी बदलली की कमी-जास्त होणारी. सप्लाय कितीही गाळला तरी ती जात नाही, कारण ती सप्लायमधून येतच नाही. एलओचा सिग्नल केबलच्या जाळीवरून जनरेटरमध्ये, तिथून घराच्या वायरिंगमध्ये जातो. अॅडॉप्टरमधल्या डायोडवर ५० हर्ट्झच्या तालात त्याचं मॉड्युलेशन होतं आणि तो एरियलवाटे परत येतो. उपाय त्या वाटा बंद करणं. एलओसाठी आरजी-१७४ची आखूड केबल घ्या आणि तिचे आठ-दहा वेढे फेराइट टोरॉइडवर द्या. एरियलच्या फीडरवरही असाच चोक बसवा. रिसीव्हर १२ व्होल्टच्या सीलबंद बॅटरीवर चालवा. जनरेटर ५ व्होल्टवर चालणारा असेल तर तोही पॉवर बँकवर घ्या. घरघर नाहीशी झाली तर गुन्हेगार अॅडॉप्टरच.

हाच गळणारा सिग्नल उलट दिशेनेही जातो. घरी बांधलेल्या मिक्सरची आयसोलेशन (एलओचा सिग्नल एरियलच्या बाजूला जाण्यापासून अडवण्याची क्षमता) ३५ डीबी धरली तर ५ मिलिवॅटपैकी सुमारे दीड मायक्रोवॅट एरियलवर पोहोचतो. जवळपासच्या हॅमला तो कॅरियर म्हणून ऐकू येऊ शकतो. त्यामुळे मिक्सरच्या आधी जे३१० या एफईटी ट्रान्झिस्टरचा कॉमन गेट अॅम्प्लिफायर घालणं चांगलं. त्याने संवेदनशीलता फारशी वाढणार नाही, ७ मेगाहर्ट्झवर तिची गरजही नाही. तो उलटी वाट अडवतो. ऐकण्याच्या रिसीव्हरला बाहेर काहीही पाठवायचा हक्क नाही, ते काम परवाना घेऊन ट्रान्समीटरने करायचं.

एरियल म्हणून प्रत्येक बाजूला १० मीटर तार असलेला डायपोल उत्तम. जागा नसेल तर गच्चीवरून सोडलेली १० मीटर तारही ऐकवते. जोडताच हेडफोनमधला आवाज स्पष्टपणे वाढला तर संवेदनशीलता पुरेशी आहे. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी कडकडाटच ऐकू येईल. अशा वेळी ऐकत बसू नका, एरियल उपसून घराबाहेर ठेवा.

फ्रिक्वेन्सी आणि शुद्धता

क्रिस्टलमध्ये दशलक्षात २० भागांची चूक असेल तर ७.१ मेगाहर्ट्झवर १४२ हर्ट्झ होतात. ऐकायला हरकत नाही, पण चूक किती ते माहीत असावं. बँडपास फिल्टर तात्पुरता बाजूला काढा आणि जनरेटर १० मेगाहर्ट्झवर न्या. चीनचं बीपीएम हे प्रमाणवेळेचं केंद्र तिथे चालतं आणि भारतात बऱ्याचदा मिळतं. सूर खाली खाली नेत शून्य करा. पडद्यावरचा आकडा १० मेगाहर्ट्झपासून जितका दूर, तितकी तुमची चूक; ७ मेगाहर्ट्झसाठी तिचे सात दशांश धरा.

स्वस्त डीडीएसमध्ये मुख्य सिग्नलभोवती बारीक बारीक उपसिग्नल असतात. प्रत्येकजण छोट्या ऑसिलेटरसारखा वागतो आणि बँडवर नसलेल्या जागी स्टेशनांची भुतं दाखवतो. ओळख अशी: खरं स्टेशन जनरेटर १०० हर्ट्झने हलवला की १०० हर्ट्झने सरकतं, भूत अनेकदा दुप्पट, तिप्पट किंवा उलट्या दिशेने पळतं. फेज नॉइजचं लक्षण वेगळं. शेजारी जोरदार स्टेशन बोलू लागलं की तुमच्या फ्रिक्वेन्सीवरचा फुसफुसाट त्याच्या बोलण्याबरोबर वर-खाली होतो. शहरातल्या घरांमध्ये ७ मेगाहर्ट्झवर एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा गोंगाटच इतका असतो की जनरेटरची ही उणीव त्याखाली झाकली जाते. गावाकडे शांत जागी मात्र ती कळते.

सुपरहेटमध्ये

याच कल्पनेचा खरा बहर सुपरहेटमध्ये, म्हणजे सिग्नल आधी आयएफवर आणून मग आवाज काढणाऱ्या रिसीव्हरमध्ये, आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स४० या ४० मीटरच्या सेटमध्ये आयएफ १२ मेगाहर्ट्झचा आणि व्हीएफओ ५ मेगाहर्ट्झच्या खालचा आहे. तुमच्याकडे १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल असतील तर व्हीएफओ २.८ ते ३.० लागेल. जनरेटर हाताशी असला की दोन्ही जोड्या करून, कुठे शिट्ट्या कमी येतात हे ऐकून ठरवता येतं.

क्रिस्टल फिल्टर बांधून झाला की बीएफओची (आयएफवरून आवाज उलगडणाऱ्या दुसऱ्या ऑसिलेटरची) जागाही जनरेटरनेच शोधा. पहिल्या चॅनेलवर व्हीएफओ, दुसऱ्यावर बीएफओ. फिल्टरच्या एका कडेपासून ३०० हर्ट्झ बाहेर सुरुवात करा आणि ५० हर्ट्झच्या पायरीने आत-बाहेर करत बोलणं ऐका. कडेच्या फार आत गेलात तर आवाज घुमतो आणि नको असलेली साइडबँड डोकावते. फार बाहेर गेलात तर तो टोकदार, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. कानाला पटेल तो आकडा लिहा आणि नंतर क्रिस्टल बीएफओचा ट्रिमर नेमका त्यावर आणा.

जनरेटर काढून घेताना

आता एसआय५३५१ (फ्रिक्वेन्सी निर्माण करणारा आयसी) आणि तो चालवणारा आर्डुइनो नॅनो बोर्ड, किंवा जे३१०चा हार्टली व्हीएफओ, जे आवडेल ते बांधा. आधी ते ५० ओमच्या लोडवर मोजा आणि लेव्हल कागदावरच्या आकड्याशी जुळवा. एसआय५३५१ चौकोनी लहर देतो. रिंग मिक्सरला ती चालते, फक्त मधला पॅड काढू नका. मग तोच उणे ७६ डीबीएमचा सूर देऊन ऑडिओ मिलिव्होल्ट पुन्हा मोजा. आकडा १ डीबीच्या आत जुळला की जनरेटर मोकळा झाला. जुळला नाही तर बिघाड नव्या ऑसिलेटरमध्येच शोधा: लेव्हल, मग डीसी, मग ग्राउंड, याच क्रमाने. शेवटी एरियलच्या जागी ५० ओम लावून दोन्ही ऑसिलेटरवरचा फुसफुसाट ऐकून बघा. अनेकदा साधा जे३१० तिथे जनरेटरपेक्षा शांत निघतो.